खास अरबस्तानहून आलेली

हबीबाला अरब मी केलं. कोणी विचारलं तर मी आधी एवढंच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं ऐकताना मालकाला, साहेबाला, सरकारला शिव्या घालण्यात वेळ जात नाही. घालायच्या असतील तर मला घाला. मी कवडू मास्तर. श्री रंगविहार नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होतो, आणि हँडबिलंही मीच लिहायचो. पडद्याआडून दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालायचे आणि रस्त्यावर लोकांच्या हातात थापा द्यायच्या, ही माझी दोन कामं. दोन्ही मला झकास जमायची, तिथंच तर घात झाला.

मंडळी आमची हिंगणघाटची. कापूस बाजारात आला, माणसाच्या खिशात चार पैसे खुळखुळायला लागले, की आमचा तंबू बैलगाड्यांवर चढायचा. पुलगाव, आर्वी, देवळी, सेलू करत होळीपर्यंत फिरायचं. मालक नानाजी. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा. आणि भित्र्या माणसाच्या हातात तीस जणांचं पोट असलं की तो काय करील, हे त्यालाही ठाऊक नसतं.

हबीबाचा बाप अवद चाऊस, तो मात्र खराखुरा अरब. पोरवयात कुठल्याशा जहाजातून आला, हैदराबादेकडे पहारे दिले आणि शेवटी हिंगणघाटच्या एका जिनिंगच्या फाटकावर बंदूक घेऊन बसला. लग्न केलं गिरडच्या रहमतबीशी. ती दर्ग्यापाशी फुलं विकायची. हबीबा जन्मली तिच्या आजोळी, गिरडला, यात्रेच्या गर्दीत. ती आठ वर्षांची असताना बाप गेला. बापाकडून तिला उंच बांधा मिळाला आणि तीन अरबी शिव्या. त्या भाषेतलं तिला नमाजापलीकडे तेवढंच येत होतं. बाकी सगळी पोरगी आमच्या वऱ्हाडी मातीची. भांडायला लागली की ऐकत राहावं.

पंचेचाळीस साली, तेरा वर्षांची असताना, ती मंडळीत आली. आम्हाला बालध्रुवाचं काम करायला कोणी मिळत नव्हतं. तिला गाताना नानाजींनी दर्ग्यापाशी ऐकलं आणि आईची समजूत घालून घेऊन आले. पहिल्याच खेळात ध्रुव जंगलात एकटा बसतो तिथं बायकांनी पदर डोळ्यांना लावले. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. अक्षर मी शिकवलं, नाटकाच्या वहीवरून. वर्षभरात ती माझ्याच चुका काढायला लागली. हँडबिलावर तिचं नाव मी 'कु. मंदाकिनी' असं घालायचो. खेड्यापाड्यांत पौराणिक खेळाला हबीबा नाव कसं चालणार, असं नानाजी म्हणायचे. तिला त्याचं काही वाटत नसे. अंगावर शालू चढवायचा तसं नाव चढवायचं, असं ती म्हणे.

मग ती लिहायला लागली. आमचा पदं लिहिणारा म्हातारा वारला आणि नव्या खेळाला पदं नव्हती. हिनं एका दुपारी, तंबूच्या सावलीत तांदूळ निवडता निवडता, मला म्हणून दाखवलं:

सासर दिसे डोयापुढं, माहेर सुटे पाठी,
मधल्या वाटेवर उभी मी, पाय उचलू कोणासाठी?

मी ते तिथंच वहीत उतरवून घेतलं. पुढच्या सहा वर्षांत मंडळीची सगळी पदं तिनंच केली, दोन नाटकंही अर्ध्याच्या वर तिचीच. खेळाच्या दारात एक आण्याला पदांचं पुस्तक विकायचो. तशी चार पुस्तकं निघाली आणि चारींवर कवी म्हणून नाव नानाजींचं. त्यात लपवाछपवी नव्हती. मंडळीत जे लिहिलं जाईल ते मालकाच्या नावानं छापायचं, असा सगळ्याच मंडळ्यांचा रिवाज. माझंही एक प्रहसन नानाजींच्या नावावर आहे, मी कधी तोंड वर करून विचारलं नाही. आता विचार केला की हात चावून घ्यावासा वाटतो.

त्रेपन्न सालच्या हिवाळ्यात आम्ही आर्वीला होतो, आणि समोरच्याच मैदानात टुरिंग टॉकीज येऊन बसली. झालं. आमच्या तंबूत पुढच्या रांगेत कुत्री झोपायला लागली. नानाजी चार दिवस जेवले नाहीत. मला म्हणाले, मास्तर, तुमच्या डोक्यातून काहीतरी काढा, नाहीतर बैल विकावे लागतील. मी छापखान्यात गेलो आणि खिळे जुळवणाऱ्याच्या शेजारी उभ्या उभ्या लिहिलं:

'खास अरबस्तानहून आलेली सुप्रसिद्ध नटी व गायिका मिस हबीबा! अवघ्या सहा महिन्यांत मराठी भाषा आत्मसात! लवकरच स्वदेशी परतणार, हे शेवटचेच खेळ!'

गुलाबी कागदावर दोन हजार काढली. हबीबानं वाचलं आणि तंबूचा खांब धरून हसत सुटली. मग एकदम गंभीर झाली. म्हणाली, सहा महिन्यांत शिकलेली बाई अशी भरभर बोलेल का, लोक काय येडे आहेत? आणि आठवडाभर बसून तिनं मोडकी मराठी बसवली. कुठं अडखळायचं, कुठं शब्द शोधायचा, कुठं चुकून मग लाजायचं, सगळं. राजाच्या जुन्या अंगरख्याचा हिरवा झगा करून घेतला. खेळाच्या आधी ती पडद्यापुढं यायची आणि हात जोडून चार वाक्यं बोलायची. ती अडखळली की लोक श्वास धरायचे. वाक्य नीट पार पडलं की तंबू टाळ्यांनी हलायचा. त्यांच्याच पोरीला त्यांचीच भाषा बोलल्याबद्दल! मी विंगेत उभा राहून पोट धरून हसायचो.

आर्वी भरली, पुलगाव भरलं. वर्ध्याला तर तिकिटासाठी मारामाऱ्या झाल्या. टॉकीजवाला उठून गेला. नानाजींनी मला धोतरजोडी दिली. करमणूक कराच्या अर्जात कलावंतांची माहिती द्यावी लागे, तिथंही त्यांनी 'मिस हबीबा, राहणार अरबस्तान' असं लिहून खाली सही ठोकली. हँडबिल आणि अर्ज सारखे असावेत, नाहीतर कोणी हरकत घेईल, अशी त्यांना धास्ती. भित्रा माणूस म्हटलं ना.

एप्रिलात हिंगणघाटला कागद आला. वर्ध्याच्या एका कचेरीतून. मिस हबीबा या परदेशी बाईनं पासपोर्ट आणि इथं राहण्याचा परवाना घेऊन हजर व्हावं, नसल्यास तिला तिच्या देशी पाठवण्याबद्दल कारवाई होईल. मी तो मोठ्यानं वाचला आणि आम्ही सगळे पुन्हा हसलो. बिऱ्हाडाबिऱ्हाडातून लोक बघायला आले. रहमतबी तेवढी हसली नाही. तिला दिसायचं कमी झालं होतं. तिनं तो कागद हातात घेतला, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि परत दिला.

आम्ही दोघं वर्ध्याला गेलो. साहेब चांगला होता, हेच सांगताना जीव जातो. दुष्ट असता तर त्याच्या नावानं बोटं मोडून मोकळा झालो असतो. त्यानं हबीबाला खुर्ची दिली. ती घडाघडा बोलली: आपण इथल्याच, गिरडच्या, हे सगळं नाटक होतं, मास्तरांच्या डोक्यातलं. साहेब ऐकत राहिला. मग म्हणाला, "बाई, मी वर्ध्याचा खेळ पाहिलाय. घरच्यांना घेऊन आलो होतो. तेव्हा तर तुम्ही अडखळत होतात."

"ते नाटक होतं ना, साहेब."

"आणि हे?"

मी पुढं झालो. कबूल केलं, साहेब, मी खोटं लिहिलं, आमचा धंदाच तो. त्यानं फाइलीतून ते गुलाबी कागद काढून टेबलावर ठेवले, शेजारी नानाजींच्या सहीचा अर्ज. म्हणाला, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय, हे मी कशावरून ठरवू? सहा महिन्यांत भाषा शिकली असं तुम्हीच छापलंय. त्याला चार महिने झाले, आता आणखी चांगली शिकली असेल. मग समजावणीच्या सुरात म्हणाला की जन्माची नोंद आणा, नाहीतर शाळेचा दाखला. तेही नसेल तर चार-सहा वर्षांपूर्वीचं, बाईंच्या नावाचं छापील काहीही चालेल.

शाळा नव्हती. मी गिरडला गेलो. कोतवालाच्या नोंदीत त्या साली तीन मुली होत्या, तिन्ही दुसऱ्यांच्या. बाळंतीण पाहुणी, नवरा हिंगणघाटला. इथल्यांना वाटलं तिथं लिहिलं असेल, तिथल्यांना वाटलं इथं. सुईण मरून गेलेली. रहमतबीला टांग्यात घालून कचेरीत नेलं. साहेबानं तिला पाणी दिलं, साल विचारलं. दर्ग्याकडची विहीर आटली ते साल, असं ती म्हणाली. साहेबानं लेखणी उचलली होती ती खाली ठेवली.

राहिलं छापील. आठ वर्षांची हँडबिलं मी ट्रंकेतून उपसली. सगळीकडे कु. मंदाकिनी. हबीबा हे नाव छापलेला एकच कागद या जगात होता, तो गुलाबी. पदांची चार पुस्तकं घेतली, ओळ न् ओळ तिची, आणि वर नाव नानाजींचं.

मी नानाजींकडे गेलो. दोनच ओळी मागितल्या: ही मुलगी पंचेचाळीसपासून माझ्याकडे आहे, ही पदं हिची आहेत, अर्जातली माहिती चुकीची आहे. नानाजी पाटावर बसले होते. त्यांनी हात धुतला आणि रडायला लागले. अर्ज खोटा होता असं लिहून दिलं तर खेळाची परवानगी कायमची जाईल, तीस माणसं रस्त्यावर येतील, मास्तर, तुम्हीच सांगा. मी त्यांना नाही नाही ते बोललो. मंडळी सोडतो म्हणालो. सोडली नाही. त्या तीस माणसांत माझी बायको सुलोचना आणि दोन पोरंही होती.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा हबीबानं आपली वही नेली. सगळी पदं तिच्या अक्षरात, खाडाखोडीसकट. साहेबानं ती उघडली आणि बराच वेळ वाचत राहिला. एक पद तर त्यानं हळू आवाजात म्हणूनसुद्धा पाहिलं. चहा मागवला. ती म्हणाली, समोर बसून लिहून दाखवते. त्याच्याच कागदावर तिनं तिथल्या तिथं चार ओळी केल्या, कचेरीच्या दारात बसलेल्या एका म्हातारीवर. शिपाईसुद्धा डोकावून वाचायला लागला. वाटलं, जिंकलो.

साहेबानं चष्मा काढला. "बाई, मला पटलंय. पहिल्याच दिवशी पटलं होतं. पण मला पटून काय उपयोग? कागद वर गेलाय. कागदासमोर कागदच ठेवावा लागतो, आणि या वहीवर ना तारीख आहे, ना शिक्का."

त्यानं दोन वाटा सांगितल्या. आपण इथल्याच असं म्हणत राहिलात तर खोटी माहिती दिल्याचा ठपका येईल, प्रकरण नागपूरला जाईल आणि शेवट मुंबईच्या बंदरावर होईल. नाहीतर मग अरबस्तानची रहिवासी असल्याचं लिहून द्या. म्हातारी आई इथं आहे, या कारणावर मी राहण्याचा परवाना देववतो. दर महिन्याच्या एक तारखेला ठाण्यात हजेरी, शहराची हद्द ओलांडायची नाही, तंबूत किंवा कुठंही पैसे घेऊन काम करायचं नाही. परदेशी माणसाला ती मुभा नसते. दरवर्षी परवाना नवा करायचा.

म्हणजे खरं बोललं तर देश जाणार, आणि खोटं बोललं तर नाटक. मी साहेबाच्या पायांवर डोकं ठेवलं. लाज कसली आता? तो मागं सरकला आणि शिपायाला म्हणाला, यांना उठवा.

हबीबा खिडकीकडं बघत होती. तिचा चेहरा मी आठ वर्षं विंगेतून पाहिला होता. प्रत्येक भावाला तो कसा बदलतो ते मला पाठ होतं. त्या दिवशी त्यावर काहीच नव्हतं. आईले सोडून कुठं जाऊ, एवढंच म्हणाली, आणि फॉर्म मागितला.

फॉर्म मला भरायला दिला, माझं अक्षर चांगलं म्हणून. नाव, बापाचं नाव, वय, धंदा. धंद्यापुढं साहेबानं 'नाही' लिहायला सांगितलं. मग आलं जन्मगाव. नुसतं अरबस्तान चालत नाही, गावाचं नाव पाहिजे, असं साहेब म्हणाला. बापाचं गाव कुणाला ठाऊक? तो फाटकावर बसणारा अबोल माणूस, त्यानं कधी सांगितलं नाही. मी तिच्याकडं पाहिलं.

ती शांतपणे म्हणाली, "तुमीच लिवा, मास्तर. तिकडचं तुमालेच मालूम."

तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरंच दुसरं कोणाला विचारणार होती ती? मी एक नाव बनवलं, अरबी वाटेल असं. वादी सफा. असं गाव कुठं आहे की नाही, अल्लाला माहीत. खाली तिनं सही केली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःचं पूर्ण नाव सरकारी कागदावर लिहिलं, हबीबा बिन्त अवद चाऊस. साहेबानं शिक्का मारला. आता तिच्यापाशी पक्का कागद होता.

दिवाळीनंतर तंबू निघाला. गाड्या वेशीवरून बाहेर पडल्या तेव्हा ती नाक्यापर्यंत आली आणि थांबली, कारण पुढं हद्द संपत होती. तिच्या जागी नानाजींनी यवतमाळची एक पोरगी आणली होती. ती हबीबाचीच पदं म्हणायची. पहिल्या खेळात मी पडद्याआडून पद सुचवायला तोंड उघडलं आणि वही मिटून ठेवली. दोन हंगाम कसेबसे काढले आणि मंडळी सोडली. आता जिनिंगमध्ये वजनं लिहितो. आकड्यांत थापा मारता येत नाहीत, ते बरं आहे.

हबीबा आईच्या खोलीत राहते, शेजारणींचे कपडे शिवते. गिरडची यात्रा आली तर परवानगीचा अर्ज करावा लागतो. अर्जाचं उत्तर यात्रा झाल्यावर येतं. लिहितेस का, असं मी एकदा विचारलं. नाही म्हणाली. कुणासाठी, असंही म्हणाली नाही, नुसतं नाही.

छप्पन साली दसऱ्याला आमची अख्खी वस्ती नागपूरला गेली, मीही गेलो. दीक्षा घेऊन परतलो तेव्हा अंगात भिनलं होतं सगळं. पिढ्यान्‌पिढ्यांचं ओझं टाकून आलो होतो, आणि जन्म कुठं झाला हे तिथं मला कोणी विचारलं नव्हतं. वाटलं, पहिल्यांदा हिला सांगावं. गेलो. ती मशीनवर बसली होती. किती माणसं होती, कशी बसली होती, बायका काय नेसल्या होत्या, तिनं सगळं खोदून खोदून विचारलं. मी तासभर बोलत होतो. मग बोलता बोलता मी एकदम थांबलो, कारण माझ्या लक्षात आलं की मी वेशीच्या पलीकडच्या गोष्टी कुणाला सांगतोय.

तिनं सुई बाजूला ठेवली. म्हणाली, ठाण्यात नवा ठाणेदार आला आहे. कडक आहे. मागच्या हजेरीला त्यानं विचारलं, वादी सफा कसं आहे, घरं कशी, पाणी कुठलं. ती गप्प राहिली तर त्याला संशय आला. एक तारखेला नीट सांग, असं बजावून त्यानं तिला सोडलं.

"एक तारखेले पंधराच दिवस हाय. तुमीच सांगा, मास्तर, मी पाठ करतो."

काय करणार होतो मी? बसलो. मातीची घरं सांगितली, खजुराची झाडं सांगितली, गावाबाहेर विहीर सांगितली. ती एकेक वाक्य माझ्यामागं म्हणत गेली. पलीकडे रहमतबी खाटेवर उठून बसली होती आणि कान देऊन ऐकत होती. नवऱ्याच्या मुलखाचं तिनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं, तिला ते खरंच वाटलं असणार. विहिरीला पाणी गोड हाय का, असं तिनं मधेच विचारलंसुद्धा.

सगळं झालं. मी निघायला उठलो. हबीबानं मला थांबवलं. एखादा प्रवेश बसवताना विचारायची, त्याच आवाजात तिनं विचारलं.

"मास्तर, अन् मले तिथली कोनाची याद येते?"

मी दाराची चौकट धरली. मग म्हणालो, "बहिणीची. धाकटी आहे."

"बयनीची," ती म्हणाली. "धाकटी हाय." आणि पुन्हा एकदा म्हणाली.